काच कोणाची फुटली?

चोरलेली मोटार भरधाव मागे घ्यायची, तिच्या धडकेने दुकानाचे शटर किंवा दर्शनी काच फोडायची, आत शिरून हाताला लागेल तो मौल्यवान माल पोत्यात कोंबायचा आणि दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या वाहनातून नाहीसे व्हायचे, या गुन्ह्याला इंग्लंडात 'रॅम रेडिंग' म्हणतात. रॅम म्हणजे टकरीचा एडका. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत या एडक्याने अनेक देशांत धडका दिल्या आहेत. पूर्वी त्याचे लक्ष्य कपडे, सिगारेटी आणि दूरचित्रवाणी संच असे. पुढे ते मनगटी घड्याळांकडे वळले, आणि तीही अशी घड्याळे की ज्यांची किंमत ऐकून, ती वेळ दाखवण्याखेरीज आणखी काय करतात, असा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडावा.

अशी बातमी आली की सुशिक्षित समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली अर्थातच 'कायदा व सुव्यवस्था' हा मंत्र अहोरात्र जपणाऱ्यांची. त्यांना आणखी पोलीस हवे असतात, आणखी कडक शिक्षा हव्या असतात आणि पळणाऱ्याला वाहनासकट लोळवण्याची मुभा हवी असते. दुसरी प्रतिक्रिया खाजगीत, चहाच्या टेबलावर व्यक्त होते आणि ती आपल्या वर्तुळातही ऐकू येते. श्रीमंतांची घड्याळे गेली, विमा कंपनीने पैसे भरले, मग गरिबाने हळहळावे कशाला, असा तिचा सूर असतो. या दोन्ही प्रतिक्रियांत विचाराचा आळस आहे असे मला वाटते. पहिलीला चोरामागची परिस्थिती दिसत नाही आणि दुसरीला चोरीमागचा धंदा दिसत नाही. पोलीस कोणासाठी धावतात, कोणासाठी धावत नाहीत आणि धावतात तेव्हा कोणाच्या अंगावर धावून जातात, हा खरा प्रश्न या दोघांच्या मध्येच राहून जातो. ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी हा गुन्हा विशेष बोकाळला. हा भाग कोळशाचा, पोलादाचा आणि जहाजबांधणीचा. कॉन्सेटचा पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद पडला. १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप मोडून काढण्यात आला आणि त्यानंतर खाणी एकामागून एक बंद होत गेल्या. स्वान हंटर ही तिथली प्रख्यात जहाजगोदी १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या दारी पोचली. ज्यांच्या बापांनी आणि आजांनी समुद्रावर तरंगणारी नगरे बांधली, त्या मुलांच्या हातांना काम उरले नाही. त्याच काळात, १९८६ मध्ये, नदीपलीकडे गेट्सहेड येथे मेट्रोसेंटर हे अवाढव्य खरेदीसंकुल उभे राहिले. उत्पादनाची जागा ओस पडत होती आणि उपभोगाची जागा दिव्यांनी उजळत होती. हातात पैसा नाही, पण डोळ्यांसमोर काचेआड सर्व काही मांडून ठेवलेले, अशा स्थितीत एक पिढी वाढली.

६ सप्टेंबर १९९१ रोजी नॉर्थ शील्ड्स भागात पोलिसांची गाडी मागे लागली असता एक चोरीची मोटार आदळली आणि तिच्यातील दोन तरुण मरण पावले. पोलिसांनीच त्यांना मृत्यूच्या तोंडी लोटले, अशी मेडो वेल या गरीब वस्तीतील अनेकांची भावना होती. ९ सप्टेंबरला तेथे दंगल उसळली. त्याच सुमारास कार्डिफमधील इली आणि ऑक्सफर्डमधील ब्लॅकबर्ड लीज या वस्त्याही पेटल्या होत्या. बिआट्रिक्स कॅम्बेल या पत्रकार विदुषीने या तिन्ही वस्त्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये 'गोलायथ' हे पुस्तक प्रसिद्ध केले. या घटनांकडे केवळ बेकारीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे. वस्तीतले तरुण पुरुष ज्या मर्दुमकीच्या नादाने मोटारी उडवत आणि आगी लावत होते, तिची किंमत त्याच वस्तीतल्या स्त्रियांना मोजावी लागत होती, हे या पुस्तकाचे एक महत्त्वाचे प्रतिपादन आहे. मेडो वेलमध्ये लुटल्या आणि जाळल्या गेलेल्या दुकानांत आपल्या उपखंडातून तेथे गेलेल्या कुटुंबांची दुकानेही होती. संताप भांडवलदाराविरुद्ध म्हणावा, तर तो जाऊन आदळला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर. बेकारी हे गुन्ह्याचे कारण असते, पण तिने गुन्हेगाराचा क्रांतिकारक होत नाही, हे आपण येथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

सरकारने यातून कोणता धडा घेतला? १९९२ मध्ये वाहनचोरीचा नवा कायदा आला. चोरलेले वाहन धोकादायक रीतीने चालवणे वा त्याने इजा, मृत्यू वा नुकसान घडवणे हा अधिक गंभीर गुन्हा ठरवून शिक्षा वाढवण्यात आली. दुकानांपुढे पोलादी खुंट रोवण्याची पद्धत पडली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, त्यातला हा प्रकार. या खुंटांमुळे मोटारी अडल्या हे खरे, पण ते रोवायला पैसा लागतो. मोठी साखळी दुकाने तो खर्च करू शकतात. छोटा दुकानदार तो करू शकत नाही, आणि मोठ्या दाराशी अडलेली मोटार मग छोट्या दाराकडे वळते. संरक्षण विकत घ्यावे लागले की धोका आपोआप गरिबाच्या वाट्याला येतो.

यानंतर कथेचे ठिकाण बदलते आणि मालही बदलतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर लंडनमधील ब्रेंट क्रॉस या खरेदीसंकुलात सकाळच्या वेळी तीन मोटारसायकली शिरल्या. त्यांच्यावर सहा जण होते. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढीत ते एका जवाहिऱ्याच्या दुकानाशी पोचले, काचा फोडल्या आणि रोलेक्स, कार्तिये अशा नावांची घड्याळे घेऊन आलेल्या वाटेने निघून गेले. घड्याळच का, याचे उत्तर सोपे आहे. सोन्याची वीट जड असते आणि दूरचित्रवाणी संच अवजड असतो. घड्याळ मुठीत मावते, जगात कोठेही विकते, आणि मागणी पुरवठ्याहून अधिक ठेवण्याची कला त्याच्या कारखानदारांना चांगली अवगत आहे. नामांकित बनावटीचे पोलादी घड्याळ दहा हजार पौंडांच्या आसपास जाते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ठरलेले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. म्हणजे आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्या कामगाराने एक पैसाही न खाता साठवला, तरी ते घड्याळ घ्यायला त्याला वीस आठवडे लागतील. ज्या समाजात वीस आठवड्यांचे श्रम एखाद्याच्या मनगटावर मिरवतात, त्या समाजात त्या मनगटाकडे आणि त्या काचेकडे वाईट नजर वळली तर नवल ते काय!

२०१७ पर्यंत लंडनमध्ये मोपेड आणि स्कूटरवरून होणाऱ्या गुन्ह्यांनी कळस गाठला. त्या एका वर्षात असे सुमारे २३ हजार गुन्हे नोंदले गेले. त्यांतले बहुतेक रस्त्यावरून भ्रमणध्वनी हिसकावण्याचे होते. घड्याळांची आणि जवाहिऱ्यांची दुकाने फोडण्याचे प्रकार संख्येने अगदी थोडे, पण वर्तमानपत्रांत गाजले ते हेच. शिरस्त्राण काढून टाकलेल्या चोराचा पाठलाग करायला पोलीस कचरत, कारण तो पडून मेला तर पोलीस चालकावरच खटला होण्याची भीती असे. २०१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी नवा मार्ग अवलंबिला. खास प्रशिक्षण दिलेल्या चालकांनी आपली मोटार मुद्दाम चोराच्या दुचाकीवर घालून त्याला खाली पाडावे, असा तो मार्ग. त्याला 'डावपेचात्मक संपर्क' असे सौम्य नाव देण्यात आले. अशा धडकांच्या चित्रफिती पोलिसांनीच त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केल्या आणि टाळ्याही मिळवल्या. मजूर पक्षाच्या डायॅन अॅबट यांनी, हे प्रकार धोकादायक आहेत आणि पोलीस कायद्याच्या वर नाहीत, असे बजावले. त्यावर गृहमंत्री साजिद जाविद यांनी पोलिसांची पाठराखण केली. पुढे २०२२ च्या पोलीसविषयक कायद्याने प्रशिक्षित पोलीस चालकाच्या वाहन चालवण्याची तुलना सामान्य नागरिकाशी न करता, तशाच प्रशिक्षित चालकाशी करावी, अशी तरतूद केली.

येथे घाईने निवाडा देऊ नये. गर्दीत चाकू वा हातोडा घेऊन फिरणाऱ्याला थांबवणे हे पोलिसांचे कामच आहे, आणि चोराने केवळ टोपी काढून फेकली की पोलिसांनी गाडी थांबवावी, ही स्थिती कोणालाच मान्य होण्यासारखी नव्हती. त्यानंतर दुचाकीवरील गुन्हे घटले, हेही नाकारता येणार नाही. पण बळाचा वापर हे जर शेवटचे साधन असेल, तर ते कोणत्या नुकसानीसाठी बाहेर काढले जाते, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. त्यासाठी त्याच पोलीस दलाचा, त्याच काळातला दुसरा निर्णय शेजारी ठेवून पाहावा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनच्या पोलिसांनी जाहीर केले की, ५० पौंडांहून कमी किमतीच्या चोऱ्यांचा, संशयित ठाऊक नसेल तर, यापुढे सर्वसाधारणपणे तपास होणार नाही. कारण सांगितले गेले ते पैशाच्या टंचाईचे, आणि ते खोटेही नव्हते. २०१० पासूनच्या काटकसरीच्या धोरणाने इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारे २० हजारांनी घटवली होती. त्याआधी, २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांखालील दुकानचोरी हा केवळ कनिष्ठ न्यायालयात चालणारा किरकोळ गुन्हा ठरवला होता. हिला पोलीस आता चोरीच मानीत नाहीत, अशी दुकानदारांची तक्रार तेव्हापासून वाढत गेली. ही तरतूद काढून टाकण्याचे विधेयक मजूर पक्षाच्या सरकारला २०२५ मध्ये आणावे लागले.

आता पन्नास पौंड कोणाचे असतात? ज्याच्या मनगटावर दहा हजारांचे घड्याळ आहे त्याला पन्नास पौंड गेल्याचे संध्याकाळपर्यंत ध्यानातही येणार नाही. पण रात्रपाळीला कचेऱ्या झाडणाऱ्या बाईच्या पाकिटात तेवढेच पैसे असतात आणि त्यांवर आठवड्याचा बाजार अवलंबून असतो. तिचा विमा नसतो. चोरीची किंमत पौंडांत मोजण्याचे ठरवले की न्याय आपोआप श्रीमंताकडे झुकतो. त्यासाठी कोणी पक्षपाती असावे लागत नाही, हिशेबाची वहीच तशी आखलेली असते. गरिबाची हानी त्या वहीच्या सर्वांत खालच्या ओळीत पडते आणि काटकसरीची कात्री खालूनच चालवली जाते. २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या श्रीमंत भागात महागडी घड्याळे घालून साध्या वेषातले पोलीस रात्री हिंडवण्यात आले आणि चोर पकडण्यात आले. या कल्पकतेचे कौतुक करू. पण त्या बाईच्या पाकिटासाठी अशी कल्पकता का सुचत नाही, एवढे तरी विचारू.

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे, म्हणजे आपल्यातील काहींच्या सुप्त समाधानाकडे वळू. दुकान फुटते तेव्हा आत कोण असते? मालक सहसा नसतो. काउंटरमागे उभे असतात ते पगारी विक्रेते. हातोडा त्यांच्या डोळ्यांदेखत चालतो आणि रात्रीची झोप त्यांची उडते. उसडॉ ही ब्रिटनमधील दुकान-कामगारांची संघटना २००२ पासून भयमुक्त कामाच्या जागेसाठी मोहीम चालवीत आली आहे. तिच्या आणि इतरांच्या रेट्यामुळे स्कॉटलंडच्या संसदेने २०२१ मध्ये दुकान-कामगारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. श्रमिकांच्या बाजूने बोलणाऱ्याने हातोडा धरणाऱ्याआधी या विक्रेत्याची बाजू घेतली पाहिजे.

आणि हातोडा धरणारा तरी कोण असतो? याचे स्वच्छ दर्शन जपानमध्ये घडले. ८ मे २०२३ रोजी तोकियोच्या गिंझा या श्रीमंत पेठेत, रस्त्यावर माणसांची वर्दळ असताना मुखवटे घातलेले तरुण एका घड्याळाच्या दुकानात घुसले, काचेची कपाटे फोडली आणि बाहेर उभ्या असलेल्या मोटारीतून पळाले. येथे मोटारीने काच फोडली नाही, पण गुन्ह्याची जात तीच. त्याच दिवशी चौघे पकडले गेले. त्यांची वये १६ ते १९ होती. जपानात 'यामी बाइतो', म्हणजे अंधारातली रोजंदारी, या नावाने अशी कामे भ्रमणध्वनीवरून वाटली जातात. भरपूर मोबदल्याचे आमिष दाखवायचे, मुलाची ओळखपत्रे आणि घरचा पत्ता घ्यायचा आणि नंतर मागे फिरू लागला तर त्याच पत्त्यावरून त्याला धमकवायचे, अशी ही भरती असते. 'लुफी' या टोपणनावाने दरोड्यांचे हुकूम देणारी एक टोळी तर फिलिपीन्समधील स्थलांतरितांच्या कोठडीत बसून जपानातली मुले हलवीत होती, असा पोलिसांचा आरोप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातील संशयितांना जपानच्या स्वाधीन करण्यात आले.

म्हणजे हा दरोडाही एक उद्योगच आहे. त्यात मुकादम आहे, कंत्राटदार आहे, व्यापारी आहे आणि सर्वांत खाली, सर्वांत जास्त धोका पत्करून सर्वांत कमी हिस्सा मिळवणारा, कधीही टाकून देता येणारा पोरगा आहे. भांडवलशाहीविरुद्धचे हे बंड नसून तिचीच काळ्या शाईत छापलेली दुसरी आवृत्ती आहे. काचेत मोटार घालणाऱ्या पोराला वीर ठरवणे म्हणजे त्याच्या मुकादमाची वकिली करणे होय. आणि पोलिसांची मोटार त्या पोराच्या अंगावर घालून प्रश्न सुटला असे मानणे म्हणजेही त्या मुकादमाचीच सोय पाहणे आहे. त्याला उद्या दुसरा पोरगा मिळतो.

मग पोलिसांनी करावे काय? पोत्यात भरलेले घड्याळ शेवटी जाते कोठे, याचा शोध घ्यावा. चोरट्याला घड्याळ घालायचे नसते, विकायचे असते. चोरीचा माल घेणारा नसेल तर चोरी करण्यात अर्थ उरत नाही. ब्रिटननेच याचा एक उत्तम पाठ घालून दिलेला आहे, फक्त तो दुसऱ्या प्रकरणात. २०१० नंतर तेथे रेल्वेच्या तांब्याच्या तारा आणि चर्चच्या छपरांवरचे शिसे चोरण्याची साथ आली. गाड्या बंद पडू लागल्या. तेव्हा सरकारने केवळ चोरांमागे न धावता भंगारवाल्यांचा व्यवहार हातात घेतला. डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगार धातू रोखीने विकत घेण्यास बंदी आली, आणि २०१३ च्या कायद्याने परवाना आणि विक्रेत्याची ओळख नोंदवणे सक्तीचे झाले. पुढील तीन-चार वर्षांत धातूंच्या चोऱ्या लक्षणीय घटल्या. धातूंचे भाव उतरले हेही एक कारण होते, पण बाजाराचे दार बंद केल्याचा परिणाम उघड होता. त्यासाठी कोणाच्या अंगावर मोटार घालावी लागली नाही.

महागड्या घड्याळांच्या बाबतीत तर हे काम तांब्याच्या तारेहून सोपे आहे. तारेवर नाव नसते. अशा घड्याळावर कारखान्याने स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो आणि चोरीला गेलेल्या घड्याळांची नोंदवही लंडनमध्येच चालवली जाते. जुनी घड्याळे विकत घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने हा क्रमांक तपासलाच पाहिजे, विक्रेत्याची ओळख नोंदवलीच पाहिजे आणि रोखीचा व्यवहार करता कामा नये, अशी सक्ती झाली तर धंद्याचा कणा मोडेल. मग भंगारवाल्याला जे बंधन घालता आले ते जवाहिऱ्याला घालताना हात का आखडावा? भंगारवाला हातगाडीवाला आहे आणि जवाहिऱ्याचे दुकान संगमरवरी आहे, याखेरीज मला तरी कारण दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे संन्याशी कोणी नाही, पण सुळी मात्र सर्वांत धाकट्या चोरासाठी राखून ठेवलेली आहे.

इंग्लंडच्या पोलिसांची चर्चा आपण कशासाठी करायची, असे कोणी विचारील. लंडनच्या पोलिसांचा आदर्श आपल्याला वारंवार सांगितला जातो म्हणून. खरे तर १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ च्या कायद्याने जे पोलीस दल येथे उभारले, ते लंडनच्या धर्तीचे नव्हते. ते आयर्लंडातील जनतेला दाबात ठेवणाऱ्या सशस्त्र दलाच्या धर्तीचे होते. लोकांच्या संमतीने चालणारे पोलीस हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या देशापुरते ठेवले. आज त्या तत्त्वाच्या माहेरघरीसुद्धा पोलिसांची धाव मालाच्या किमतीवर ठरू लागली असेल, तर ज्या देशात ते तत्त्व कधी रुजलेच नाही, तेथे कार्यकर्त्याने किती सावध असले पाहिजे! पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात दिला होता. तो कागदावरून जमिनीवर आणण्याचे काम अजून संपलेले नाही.

म्हणून कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न आपण उजव्यांना आंदण देऊ नये. चोरीची झळ गरिबालाच अधिक लागते. त्याने फिर्याद दिली तर ती घेतली जावी आणि तिचा तपास व्हावा, ही मागणी पूर्णपणे समतेची मागणी आहे. पोलिसांनी बळ वापरले तर त्याचा जाब स्वतंत्र यंत्रणेने घ्यावा, चोरीच्या मालाच्या व्यापाऱ्याला चोराइतकेच जबाबदार धरावे, दुकानातील कामगाराला कायद्याचे संरक्षण मिळावे, आणि ज्या वस्तीतून ही मुले येतात तेथे काम, शाळा आणि तरुणांची केंद्रे असावीत. काटकसरीच्या वर्षांत ब्रिटनने तरुणांच्या सेवांवरचा खर्च निम्म्याहून अधिक कापला, आणि नंतर त्याच तरुणांना अडवण्यासाठी पोलादी खुंट, कॅमेरे आणि वेगवान मोटारी घेतल्या. हा हिशेब कोणत्याही वहीत जमेचा ठरत नाही.

आपल्या गावात वा शहरात पुढच्या वेळी असे दुकान फुटेल, तेव्हा सभेत आणि वस्तीत आपण हे प्रश्न विचारावेत: आत कोण कामाला होते, माल कोठे विकला जाणार होता, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या चाळीत झालेल्या चोरीच्या तपासाचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे मागणारा कार्यकर्ता पोलिसांचा वैरी ठरत नाही आणि चोरांचा कैवारीही ठरत नाही.